विटीदांडूतले 'वकट' कोणत्या भाषेचे?

विटीदांडू महाभारतकाळापासून चालत आला आहे, असे सर्रास सांगितले जाते. आधार आदिपर्वातल्या प्रसंगाचा: हस्तिनापूरबाहेर खेळणाऱ्या कुरुकुमारांची 'वीटा' विहिरीत पडते आणि द्रोण ती गवताच्या काड्यांनी वर काढतात.

पण वीटा म्हणजे काय, हे तिथले श्लोक उलगडत नाहीत. काही भाषांतरकारांनी तिचा सरळ चेंडू करून टाकला आहे. ती विटीच, हे सांगतो १७व्या शतकातला टीकाकार नीलकंठ चतुर्धर. जवाच्या आकाराचा, वीतभर लांबीचा लाकडी तुकडा, जो मुले हातभर दांड्याने उडवतात, असा अर्थ तो देतो. नीलकंठ मूळचा गोदाकाठच्या कोपरगावचा. टीका लिहिली काशीत. तेव्हा हा पुरावा व्यासांच्या काळाचा कमी आणि नीलकंठाच्या काळाचा अधिक, असे मला वाटते. त्यानेही तो कमी मोलाचा ठरत नाही.

खरी गंमत मोजणीत आहे. टोला मारल्यावर विटी पडली तिथपासून गल्लीपर्यंतचे अंतर दांडूने मोजतात: वकट, लेंड (कुठे रेंड), मूंड, नाल... मराठीतल्या एक, दोन, तीन, चारशी यांचे काहीही नाते नाही. तेलुगूत मात्र ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु! पुढची नावे गावोगाव बदलतात, पण हे चौघे टिकून आहेत. मराठवाडा आणि तेलंगण १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, हे खरे. परंतु 'वकट-लेंड' पुण्याकडची मुलेही म्हणत आली. म्हणजे ही देवाणघेवाण एका राज्याच्या सीमेत मावणारी नाही. ती कोणत्याही दरबारी कागदावाचून, पोरांच्या तोंडूनच पसरली असणार.

मोजणी जिथे संपेल त्यावर पुढचा टोला ठरतो: विटी कधी पायाच्या पंजावर, कधी मुठीवर, कधी चक्क डोळ्यावर ठेवून उडवायची. त्यामुळे आकडा विसरून चालतच नाही.

घरच्या मुलांना खेळ शिकवायचा तर बाभळीची वाळलेली फांदी पुरे. दांडू हातभर, विटी वीतभर; विटीची दोन्ही टोके तासून निमुळती करायची, म्हणजे टोकावर टिचकी बसताच ती उसळते. मात्र टोके सुईसारखी नकोत, किंचित बोथट हवीत, आणि झेलणाऱ्यांना जरा लांबच उभे करावे. जमिनीत लहानशी गल्ली कोरायची, तिच्यावर विटी आडवी ठेवून कोलायची. मोजताना मुलांना आकडे मराठीत सांगू नका. वकटपासूनच सुरुवात करा.