कन्हानचा कोळसा आणि उपदेशकाचा दिवा

नागपुराहून रामटेकास जाणारी आगगाडी कामठी मागे टाकते, नदीचा पूल ओलांडते आणि कन्हान स्थानकात येऊन उभी राहते. रामटेकचा फाटा येथूनच फुटतो. आपणांपैकी पुष्कळांनी हा प्रवास गडमंदिराच्या दर्शनासाठी केला असेल. परंतु कन्हानचे खरे महत्त्व खिडकीतून दिसत नाही, ते जमिनीच्या पोटात आहे. या नदीच्या आसपास पंचवीस कोटी वर्षांहूनही जुना दगडी कोळसा पसरलेला असून कामठी, इंदर, गोंडेगाव या खाणी याच परिसरातल्या आहेत. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रेही येथून दूर नाहीत. अशा केंद्रात एक युनिट वीज तयार करावयाची म्हणजे स्थूलमानाने दोन-तृतीयांश किलो कोळसा जाळावा लागतो आणि सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड वायू आकाशात जातो. म्हणजे ज्या घरात महिन्यास शंभर युनिटे वीज लागते, त्या घराच्या नावाने दरमहा साठ-सत्तर किलो कोळसा कोठेतरी जळत असतो. धूर दुसऱ्याच्या गावी निघतो, एवढाच फरक.

हा वायू पृथ्वीला तापवितो, हे ज्ञान काल-परवाचे नव्हे. स्वीडनचे शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी 1896 मध्ये त्याचे गणित मांडले. पुढे 1938 मध्ये गाय कॅलेंडर या इंग्रज वाफ-अभियंत्याने निरनिराळ्या ठिकाणच्या तापमानाच्या नोंदी जमवून, माणसाने जाळलेल्या इंधनामुळे पृथ्वी तापू लागली आहे, असे प्रतिपादन केले. गंमत अशी की, ही ऊब हितकारकच ठरेल असे त्याला वाटत होते. त्याचे म्हणणे त्या काळी फारसे कोणी मनावर घेतले नाही. तथापि त्याच्या घरी किती कोळसा जळतो, हेही कोणी विचारले नाही. हा प्रश्न निघतो तो बोलणारा प्रसिद्ध असला म्हणजे.

ज्या वर्षी कॅलेंडरचा निबंध प्रसिद्ध झाला, त्या वर्षी कन्हानपासून शंभर किलोमीटरांच्या आत, वर्ध्याजवळच्या शेगावात, महात्मा गांधी मातीच्या झोपडीत राहत होते. ते 1936 मध्ये तेथे आले आणि 1940 मध्ये त्या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. हवामानाचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता, आणि तो त्यांच्या तोंडी घालणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु लोकनेत्याने स्वतः किती वापरावे, या प्रश्नाचा इतका कठोर विचार आपल्याकडे दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल. 1931 मध्ये गोलमेज परिषदेस जाताना आपल्या मंडळींचे सामान फार झालेले पाहून त्यांनी त्यातले पुष्कळसे एडनहून परत पाठविले. आगगाडीने ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून जात.

तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. गांधीजींना दारिद्र्यात ठेवण्यास फार खर्च येतो, ही सरोजिनी नायडूंची थट्टा प्रसिद्धच आहे. आणि तिसऱ्या वर्गाचा तो डबा ओढणारे इंजिन दगडी कोळसाच खात होते. माणूस कितीही विरक्त असो, समाजाने उभारलेल्या यंत्राबाहेर त्याला पाऊल टाकता येत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतले. तेथील माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा तापमानवाढीवरील चित्रपट 2006 मध्ये निघाला आणि 2007 च्या फेब्रुवारीत त्यास ऑस्कर पारितोषिक मिळाले. लगोलग विरोधकांनी त्यांच्या घराचे वीजबिल जगापुढे मांडले. त्या देशातील सरासरी घराच्या वीसपट वीज त्यांच्या घरी जळते, असा तो आरोप होता. आपण हरित वीज विकत घेतो, असे उत्तर त्यांच्या बाजूने देण्यात आले आणि पुढे त्यांनी घरावर सौरपट्ट्याही बसविल्या. परंतु त्या बिलामुळे अऱ्हेनियसचे गणित चुकीचे ठरले काय? मुळीच नाही. हवाई बेटावरील मौना लोआ येथे 1958 मध्ये मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायू सुमारे 315 भाग होता. आता तो 420 च्या वर गेला आहे. गोर यांच्या बिलाने उणावली ती त्यांच्या शब्दांची किंमत, हवेतील वायू नव्हे.

आपल्या पुण्यात प्राध्यापिका हेमा साने यांचे घर होते. 1940 साली जन्मलेल्या साने बाईंनी गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविले आणि वनस्पतींवर मराठीत पुस्तके लिहिली. बुधवार पेठेतील त्यांच्या जुन्या घरात मात्र त्यांनी विजेची जोडणी घेतली नाही. विहिरीचे पाणी आणि मिणमिणता दिवा एवढ्यावर त्यांनी संसार केला. विशेष हे की, आपले पाहून इतरांनीही तसेच करावे, असा उपदेश त्या करीत नसत. त्यांच्या त्या अंधाऱ्या घराने कन्हानहून निघणारी कोळशाची एक वाघीणही कमी झाली नसेल. मग त्याचा उपयोग काय? उपयोग असा की, एवढ्याशिवायही विद्येचे आणि समाधानाचे आयुष्य जगता येते, ही गोष्ट कल्पनेतून प्रत्यक्षात आली. पुराव्याचे काम आकडे करतात, आणि धीर देण्याचे काम माणसे करतात.

बोलणे आणि वागणे यांचा मेळ मागण्याची सवय आपल्याला संतांनी लावली आहे, आणि ती सोडण्याचे कारण नाही. जो लोकांना काटकसर सांगतो, त्याने आपला हिशेब उघडा ठेवावा, ही मागणी रास्त आहे. मात्र त्याचा हिशेब चुकला म्हणून आपला माफ होत नाही. पुष्कळदा उपदेशकाचे बिल आपण विचारतो ते आपले बिल खिशातच राहावे म्हणून! शिवाय, घरोघरचे दिवे मालविले तरी भट्टी कशावर चालवावी हा निर्णय शासनाचा आणि समाजाचा उरतोच. तेथे विरक्ती पुरत नाही, तेथे लोकमत लागते. ज्या कुटुंबांचे जीवन आज खाणीवर चालते, त्यांच्या पोटाची व्यवस्थाही त्याच निर्णयात आली पाहिजे.

हे भाषण मी दिव्याखाली बसून वाचीत आहे, आणि आपण ते विजेवर ऐकत आहात. तेव्हा मीही उपदेशकाच्या आसनावर बसू इच्छीत नाही. एवढेच सुचवितो की, पुढच्या महिन्याचे बिल आले म्हणजे रुपयांचा आकडा पाहण्यापूर्वी युनिटांचा आकडा पाहावा, तितक्या वेळा दोन-तृतीयांश किलो कोळसा मनात मोजावा, आणि तो ज्या गावच्या जमिनीतून निघतो त्या गावाचे नाव एकदा घरातील मुलांना सांगावे.