१२. विलासमणिमंजरी

दक्षिणेतले नामांकित बुद्धिबळपटू तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृत ग्रंथ. इंग्रजी भाषांतर मुंबईत १८१४ साली छापले गेले. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची राजवट होती. डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्याचे भाषांतराच्या शीर्षकातच म्हटले आहे. हा बदल किरकोळ नव्हे. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. किल्लेकोट नसे, शह बसलेला नसेल तर राजा एकदाच घोड्यासारखी उडी घेई. हत्तीच्या पट्टीतून शेवटच्या घरी पोहोचलेल्या प्याद्याचा हत्तीच होई. मूळ खेळ समजून घ्यायला मुंबईची आवृत्ती एकटी पुरत नाही.

नव्या आवृत्तीत मूळ बदलण्याचे हे एकमेव उदाहरण नाही. बुद्धिबळपटू बॉबी फिशर यांच्या १९६९च्या साठ डावांच्या पुस्तकातला मजकूरही १९९५च्या आवृत्तीत बदलला गेला. त्यांनी जाहीर निषेध केला. २००८च्या आवृत्तीत मूळ मजकूर परतला.