छावणीबाहेरचे घर : अमेरिकी सैनिकाचा खासगीपणा आणि तपासणीचा अधिकार

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली ज्या पहिल्या दहा दुरुस्त्या दाखल झाल्या, त्यांपैकी तिसरी आणि चौथी या दोन्ही घराच्या संरक्षणाशी थेट निगडित आहेत. शांततेच्या काळात घरमालकाच्या संमतीवाचून कोणाही सैनिकाचा मुक्काम त्याच्या घरी लादता येणार नाही, असे तिसरी दुरुस्ती सांगते. तर व्यक्ती, तिचे घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घेता येणार नाही, आणि सबळ कारण, शपथेवरचे निवेदन व जागेचे नेमके वर्णन यांवाचून वॉरंट निघणार नाही, असे चौथी बजावते. या तरतुदींमागे ब्रिटिश अमलाचा कडवट अनुभव होता. १७६५ च्या कायद्याने वसाहतींवर सैनिकांच्या निवाऱ्याचीच नव्हे, तर त्यांच्या सरपणाची, मेणबत्त्यांची, मिठाची, व्हिनेगरची आणि बिअरचीसुद्धा जबाबदारी टाकली होती, आणि त्याआधी खुद्द इंग्लंडमध्ये १६२८ च्या हक्कांच्या अर्जात लोकांच्या घरी सैनिक उतरवण्याविरुद्ध तक्रार नोंदवली गेली होती. या साऱ्या विचारात सैनिक हा घराला असलेला धोका होता. त्या सैनिकालाही स्वतःचे घर असेल आणि त्याच्या दाराशी त्याचाच वरिष्ठ येऊन उभा राहील, ही शक्यता घटनाकारांच्या नजरेसमोर नव्हती.

तशी ती नसणे स्वाभाविकही होते, कारण एकोणिसाव्या शतकातील साध्या अमेरिकी शिपायाला घर म्हणावे असे काही नव्हते. तो बराकीत राहत असे, आणि त्याने लग्न करणे सैन्याला सोयीचे वाटत नसे. संसार करणाऱ्या शिपायांपैकी अनेकांच्या बायका पलटणीच्या धोबिणी म्हणून छावणीच्या कडेला झोपड्यांमध्ये राहत. या धोबिणींना १८०२ मध्ये काँग्रेसने अधिकृत स्थान देऊन प्रत्येक कंपनीमागे चार जणींचा शिधा मंजूर केला आणि १८७८ मध्ये ती व्यवस्था मोडीत काढली. त्यांच्या वस्तीला ‘सोपसड्स रो’, म्हणजे साबणफेसाची आळी, असे म्हटले जाई. बराकीतली तपासणी मात्र नित्याची होती: पलंगावरची चादर ताणून बसवलेली, बूट एका रेषेत मांडलेले, कपाट उघडे, आणि सैनिक पलंगाच्या पायथ्याशी सावधान उभा. शस्त्र गंजलेले आहे का, कोणी आजारी आहे का, अंथरुणात उवा झाल्या आहेत का, हे पाहणे सेनाधिकाऱ्याचे कर्तव्यच असल्यामुळे या अधिकाराला दीर्घकाळ कोणी कायदेशीर आव्हान दिले नाही.

चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. शीतयुद्धामुळे मोठी सेना कायम बाळगणे भाग पडले, विवाहित सैनिकांची संख्या वाढली आणि छावण्यांतील घरे अपुरी पडू लागली. सिनेटर केनेथ व्हेरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९४९ च्या आणि सिनेटर होमर केपहार्ट यांच्या १९५५ च्या कायद्याने खासगी भांडवलातून लष्करी कुटुंबांसाठी घरे उभी राहिली. तरीही हजारो कुटुंबे निवासभत्ता घेऊन गावात भाड्याने राहू लागली. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपून सेना पूर्णतः स्वेच्छेची झाल्यावर सैनिकाला टिकवून धरण्यासाठी त्याच्या कुटुंबाचा विचार करणे अपरिहार्य ठरले, आणि पुढे बहुसंख्य लष्करी कुटुंबे छावणीच्या फाटकाबाहेर नांदू लागली.

याच काळात सैनिकाच्या हक्कांचे कायदेशीर स्वरूपही घडत होते. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ ने सैन्यदलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क कितपत मर्यादित करायचे, हे ठरवण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. अमेरिकी घटनेत असे सर्वसाधारण कलम नसल्यामुळे तिथे हा प्रश्न न्यायालयांना एकेका खटल्यातून सोडवावा लागला. १९५० मध्ये लष्करी न्यायाची एकसमान संहिता मंजूर झाली, आणि तिच्या अन्वये तीन मुलकी न्यायाधीशांचे लष्करी अपील न्यायालय स्थापन झाले. या न्यायालयाने १९६० च्या जेकोबी खटल्यात असे ठरवले, की मूलभूत हक्कांपैकी जे स्पष्टपणे किंवा अपरिहार्य अर्थाने सैन्याला गैरलागू आहेत, ते वगळता बाकीचे सर्व हक्क सैनिकालाही आहेत. या निकालाचे मोल फार मोठे आहे, कारण हक्क हा नियम आणि त्याचा अभाव हा अपवाद, हा क्रम त्याने पक्का केला. सर्वोच्च न्यायालयाचा सूर मात्र निराळा होता. १९७४ च्या पार्कर विरुद्ध लेव्ही या निकालात त्याने सैन्य हा इतर समाजाहून वेगळा समाज असल्याचे प्रतिपादन केले.

या दोन भूमिकांची खरी कसोटी लागली ती अमली पदार्थांच्या प्रश्नावर. व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीतील अमेरिकी तुकड्यांत अमली पदार्थांचा वापर वाढला, तेव्हा तिथल्या सेनामुख्यालयाने वॉरंटशिवाय बराकींच्या आणि कपडे उतरवून सैनिकांच्या अंगाच्या तपासण्या घेण्याची मोहीम आखली. सैनिकांच्या एका समितीने तिला आव्हान दिले. वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने सैनिकांच्या बाजूने निकाल दिला, पण १९७५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवून सेनेची गरज मान्य केली. सैनिकाच्या शरीरापर्यंत पोहोचणारी तपासणीसुद्धा ग्राह्य ठरल्यामुळे तपासणी कुठे संपते आणि झडती कुठे सुरू होते, याची लेखी सीमारेषा आखणे आता टाळता येण्यासारखे नव्हते.

ती रेषा १९८० मध्ये अमलात आलेल्या लष्करी पुराव्याच्या नियमांनी आखली. नियम ३१३ नुसार तपासणी म्हणजे तुकडी, तळ, जहाज, विमान किंवा वाहन यांची सज्जता, सुरक्षितता आणि शिस्त पाहण्यासाठी केलेली पाहणी. खटल्यासाठी पुरावा गोळा करणे हा तिचा मुख्य हेतू असेल, तर ती तपासणी उरत नाही. एखाद्या गुन्ह्याची खबर लागताच तपासणीचा हुकूम निघाला असेल, ठरावीक माणसेच निवडली असतील किंवा एकाची उचकापाचक इतरांपेक्षा फार अधिक केली असेल, तर हेतू प्रामाणिक होता हे सिद्ध करण्याचा भार सरकारी पक्षावर येतो. वैयक्तिक वापरासाठी दिलेल्या लोखंडी कपाटातही सैनिकाला सामान्यतः खासगीपणाची अपेक्षा बाळगता येते, असे नियम ३१४ मान्य करतो. त्याआधी १९७९ च्या एझेल खटल्यात, झडतीची परवानगी देणारा कमांडर तटस्थ असला पाहिजे आणि जो स्वतः तपासात गुंतला आहे त्याने ती देऊ नये, असेही ठरले होते.

छावणीबाहेरच्या घराच्या दृष्टीने नियम ३१३ मधील यादी निर्णायक आहे, कारण तिच्यात खासगी घराचा उल्लेख नाही. अमेरिकेच्या भूमीवर गावातल्या भाड्याच्या घराची झडती घ्यायची, तर कमांडरची सही पुरत नाही, मुलकी दंडाधिकाऱ्याचे वॉरंट लागते. शिवाय १८७८ च्या कायद्याने सैन्याला मुलकी कायद्याच्या अंमलबजावणीपासून दूर ठेवलेले असल्यामुळे लष्करी पोलिसांचे हातही बांधलेले राहतात. घर मालकीचे नाही म्हणून संरक्षण कमी होत नाही. न्यूयॉर्कमधील तुरुंगरक्षकांच्या १९७९ च्या संपात त्यांच्या निवासखोल्यांत नॅशनल गार्डचे जवान उतरवले गेले, त्यावरून चाललेल्या खटल्यात १९८२ मध्ये अपील न्यायालयाने तिसरी दुरुस्ती भाडेकरूचेही रक्षण करते, असा निर्वाळा दिला. त्याच घरात राहणारी पत्नी किंवा पती तर मुलकी व्यक्ती असते, आणि कमांडरचा हुकूम तिला लागू होत नाही. परदेशात मात्र स्थिती बदलते: जपानमध्ये किंवा जर्मनीत अमेरिकी दंडाधिकारी नसल्यामुळे, यजमान देशाशी झालेल्या कराराच्या चौकटीत, सैनिकाच्या खासगी घराच्या झडतीस कमांडर परवानगी देऊ शकतो.

नियमांची ही भिंत जिथे खरोखर कमकुवत आहे, ती जागा म्हणजे संमती. लांब सुट्टीच्या आधी सार्जंटाने नव्या सैनिकाच्या घरी फेरी मारणे, घर राहण्याजोगे आहे का हे पाहणे, याला तपासणी न म्हणता ‘भेट’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि पुष्कळदा तिच्यामागे काळजीच असते. परंतु ज्याच्या शेऱ्यावर बढती अवलंबून आहे, आणि अविवाहित कनिष्ठ सैनिकाच्या बाबतीत छावणीबाहेर राहण्याची मुभाही ज्याच्या हाती आहे, त्याला दारातून परत पाठवणे किती जणांना शक्य होईल, हा प्रश्न सेनेने गांभीर्याने घ्यायलाच हवा. २०१९ मध्ये तो जाहीरपणे पुढे आला. १९९६ च्या योजनेनुसार खासगी कंपन्यांकडे सोपवलेल्या लष्करी घरांत बुरशी आणि शिशाचा रंग आढळल्याच्या बातम्यांनंतर सेनादलांनी कमांडरांना कुटुंबांच्या घरी जाऊन पाहणी करण्यास सांगितले, तेव्हा भेट कुटुंबाच्या होकारानेच होईल आणि नकार देता येईल, हे मुद्दाम स्पष्ट करावे लागले. एकदा होकार मिळून अधिकारी कायदेशीरपणे आत आला, की सहज नजरेस पडलेली बेकायदा वस्तू जप्त करण्याची मुभा त्याला नियम ३१६ देतो. म्हणूनच नियम ३१४ मधील संमतीच्या तरतुदी प्रत्येक सैनिकाच्या घरात माहीत असणे अगत्याचे आहे: अधिकारापुढे नुसती मान तुकवणे म्हणजे संमती नव्हे, दिलेली संमती ठरावीक खोलीपुरती किंवा ठरावीक वेळेपुरती मर्यादित ठेवता येते, आणि ती कोणत्याही क्षणी मागे घेता येते.