परसातील मांगर: मोडकळीतून नव्या उपयोगाकडे

गोव्यातील जुन्या घरांच्या परसात किंवा कुळागराच्या कडेला मांगर हमखास असे. चिऱ्यांच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेल्या या छोट्या वास्तूत पेंढा, जळाऊ लाकूड, नारळ, सोडणे, नांगर-जू आणि कोयते-फावडी ठेवली जात. भातशेती कमी झाली तसे अनेक मांगर अडगळीचे झाले. अडगळीकडे लक्ष जात नाही आणि कौले फुटलेला मांगर एक-दोन पावसाळ्यांत कोसळू शकतो. वेळीच डागडुजी केली तर तीच जागा कुटुंबाच्या पुन्हा उपयोगी पडते.

आधी छप्पर

सुधारणेची सुरुवात रंगापासून नव्हे, छपरापासून करावी. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरूत कौलांचा कारखाना सुरू केला आणि पुढे ही कौले कोकणपट्टीत सर्वत्र पोहोचली. एकमेकांत अडकणाऱ्या या कौलांतील फुटलेले कौल काढून त्याजागी दुसरे बसवता येते, हा त्यांचा मोठा गुण. कौले उतरवल्यावर वासे आणि रिपा सुरीच्या टोकाने टोचून पाहाव्यात. सुरी सहज आत गेली तर ते लाकूड बदलावे. वाशांवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्यास वाळवीचा बंदोबस्त आधी करावा. मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्यामुळे हे काम मे महिन्याच्या मध्यापूर्वी संपलेले बरे.

छपरावर जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते कापू, फोडू वा घासू नयेत. त्यांची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास फुप्फुसांचे गंभीर विकार आणि कर्करोग होऊ शकतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

भिंती, जमीन आणि उजेड

चिरा सच्छिद्र असल्याने जमिनीतील ओल शोषून घेतो. त्यावर सिमेंटचा जाड गिलावा दिला तर ओल आत अडकते आणि गिलावा फुगून सुटतो. चुन्याचा गिलावा किंवा चुन्याची सफेदी ओलीला बाहेर पडू देते. भिंतीच्या पायथ्याशी साचलेली माती दूर करून पाणी बाहेर वाहून जाईल असा उतार द्यावा. आतील जमीन बाहेरच्यापेक्षा किमान एक वीत उंच असावी.

अंधार घालवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काचेची कौले. मध्यम आकाराच्या मांगरात अशी तीन-चार कौले दिवसभराच्या कामापुरता उजेड देतात. समोरासमोरच्या भिंतींत, वळचणीखाली जाळी लावलेले झरोके ठेवले की हवा खेळती राहते आणि बुरशी कमी धरते.

छपराचे पाणी

चार मीटर लांब व तीन मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बारा लिटर पाणी मिळते. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गळती आणि उडून जाणारे पाणी वगळून तीन चतुर्थांश धरले तरी सुमारे २७,००० लिटर पाणी हाती येते. पागोळ्यांखाली पन्हळ बसवून ते एक हजार लिटरच्या टाकीत घेता येते. ही टाकी शंभर-सव्वाशे मिलिमीटर पावसात भरत असल्याने ओसंडणारे पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडावे. मोसमातील पहिल्या सरींचे पाणी छपरावरील घाण घेऊन येते, ते टाकीत घेऊ नये. टाकीला डास जाणार नाहीत अशी जाळी हवी.

नवे उपयोग

कोरडा, हवेशीर मांगर पुरुमेंतासाठी उत्तम ठरतो. आमसुले, सुकी मासळी, फणसाचे पापड आणि नारळ जमिनीपासून उंच फळ्यांवर घट्ट झाकणाच्या बरण्यांत ठेवावेत. दमट कोपरा असल्यास धिंगरी आळंबीची लागवड करता येते. तिला भाताचा पेंढा, साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता मानवते. पेंढा भिजवून गरम पाण्यात निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नये. मात्र आळंबी आणि पुरुमेंत एकाच खोलीत ठेवू नये. एकाला हवी ती ओल दुसऱ्याला मारक ठरते. याशिवाय रोपवाटिका, सुतारकामाची जागा किंवा मुलांची अभ्यासिका असेही पर्याय आहेत.

सुरक्षा

सोडणे आणि लाकडांच्या ढिगात उंदीर येतात, उंदरांमागे नाग व घोणस येतात. उंदरांच्या मुत्रातून लेप्टोस्पायरोसिसही पसरतो. लाकडे भिंतीपासून सुटी आणि जमिनीपासून उंच रचावीत, ढीग उपसताना हातमोजे व बूट वापरावेत. वीज घेताना अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. पावसाळ्यात ओल्या भिंतीतून विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो.

परवानगी

कौले बदलणे आणि बांधकाम वाढवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामीण भागात बांधकामाचे नियमन गोवा पंचायतराज कायदा, १९९४ च्या कलम ६६ नुसार होते. त्यामुळे भिंत वाढवण्यापूर्वी, उंची बदलण्यापूर्वी किंवा मांगराचा निवासी वापर सुरू करण्यापूर्वी पंचायतीत, शहरात पालिकेत, लेखी विचारणा करावी. किनाऱ्यालगत सागरी किनारा नियमनाच्या अटीही लागू होतात. पर्यटकांना जागा भाड्याने द्यायची झाल्यास पर्यटन खात्याकडील नोंदणीचा प्रश्न येतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर अनेकांची नावे असतील तर सर्व सहमालकांची लेखी संमती आधी घ्यावी. ही तयारी न करता खर्च केल्यास नव्याने उभा केलेला भाग पाडण्याची वेळ येऊ शकते.

हाती पैसे मोजके असल्यास पहिल्या वर्षी छप्पर व पाण्याचा निचरा, दुसऱ्या वर्षी भिंती व जमीन आणि त्यानंतर वीज व फळ्या असा क्रम ठेवावा. छप्पर शाबूत असलेला मांगर बाकीच्या कामांसाठी थांबू शकतो.