टपाल-बोटींची सवलत आणि राजाचा करार

एकोणिसाव्या शतकात आगबोटींमुळे समुद्रमार्गे जाणाऱ्या टपालाला वेळापत्रक लाभले, आणि ते बिघडू नये म्हणून टपाल वाहणाऱ्या बोटींना परक्या बंदरात काही सवलती देण्याची पद्धत टपाल करारांतून रूढ झाली. त्यांतली सर्वांत मोलाची सवलत जप्तीपासून संरक्षणाची होती. सागरी कायद्यानुसार नुकसानीचा दावा जहाजाच्या मालकावरच नव्हे, तर खुद्द जहाजावरही लावता येतो. मालक परदेशी असला तरी बंदरात उभे असलेले त्याचे जहाज अटकावून फिर्यादीला आपल्या भरपाईची हमी मिळवता येते. टपाल-बोट अशी अडकली, तर एका दाव्यापायी असंख्य लोकांची पत्रे पडून राहतात, म्हणून सवलतीमागचा हेतू रास्तच होता. ती कोणाच्या अधिकारात द्यायची, हा मात्र अवघड प्रश्न होता.

ऑस्टेंड आणि डोव्हर यांच्यामध्ये टपालाची ने-आण करणाऱ्या ‘पार्लमाँ बेल्ज’ या बोटीने हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयात आणला. ही बोट बेल्जियमच्या राजाच्या मालकीची होती, तिच्यावर बेल्जियन नौदलाचे अधिकारी काम करीत, आणि टपालाबरोबरच भाडे घेऊन ती उतारू व मालही नेत असे. फेब्रुवारी 1878 मध्ये डोव्हर येथे तिची ‘डेअरिंग’ या टग बोटीशी, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून नेणाऱ्या लहान आगबोटीशी, टक्कर झाली. टगच्या मालकांनी दावा लावला, तेव्हा ब्रिटिश सरकारच्या महान्यायवाद्यांनी 1876 च्या इंग्लंड-बेल्जियम टपाल कराराकडे बोट दाखवले, कारण त्या कराराने अशा बोटींना युद्धनौकांचा दर्जा देऊ केला होता आणि युद्धनौकेवर जप्ती येत नाही.

न्यायमूर्ती सर रॉबर्ट फिलिमोर यांनी 1879 साली हा युक्तिवाद फेटाळला. परराष्ट्रांशी करार करणे हा राजसत्तेचा अधिकार असला, तरी प्रजाजनाचा न्यायालयात दाद मागण्याचा हक्क अशा कराराने हिरावून घेता येत नाही, त्यासाठी पार्लमेंटची संमती हवी, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने हा निकाल उलटवला, पण तो वेगळ्याच कारणाने: परक्या सार्वभौम राजाची, सार्वजनिक कामासाठी वापरली जाणारी मालमत्ता जप्त होऊ शकत नाही, आणि थोडीफार मालवाहतूक केल्याने ते संरक्षण जात नाही. कराराच्या मुद्द्यावर अपील न्यायालयाने निर्णयच दिला नाही. टगच्या मालकांचा दावा बुडाला, ही या प्रकरणाची बोचणारी बाजू आहे. परंतु ज्या निकालात ते जिंकले होते, त्यातले फिलिमोर यांचे विवेचन कायद्याच्या विचारात टिकून राहिले, आणि त्याचे मोल उलटवल्या गेलेल्या निकालापेक्षा कितीतरी मोठे ठरले.

सरकारी अनुदानावर टपाल वाहणाऱ्या खासगी कंपन्यांच्या बोटींना तर सार्वभौमत्वाचाही आधार नव्हता. त्यामुळे परराष्ट्रांशी होणारे असे करार अमलात आणता यावेत म्हणून पार्लमेंटने 1891 साली ‘मेल शिप्स ॲक्ट’ संमत केला. बोटीच्या मालकांनी न्यायालयात आधीच तारण ठेवायचे आणि त्या बदल्यात बोटीला अटकाव होऊ द्यायचा नाही, अशी त्याची योजना होती. टपालही थांबत नाही आणि फिर्यादीही रिकाम्या हाती परतत नाही, हे साधणारा हा तोडगा खरोखर न्याय्य म्हटला पाहिजे.

हिंदुस्थानात टपाल-बोटींचे महत्त्व मुंबईइतके क्वचितच कुठे जाणवत असेल. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर एडन ते मुंबई या टप्प्यात टपाल खात्याचे कर्मचारी भर समुद्रात विलायती टपालाची वर्गवारी करीत, म्हणजे मुंबईला उतरताच पिशव्या रेल्वेने पुढे रवाना करता येत. हिंदुस्थान 1876 साली आंतरराष्ट्रीय टपाल संघात सामील झाला, तोही ब्रिटिश सत्तेच्या निर्णयाने. पुढे 1898 च्या भारतीय टपाल कायद्याने कराराने वा कायम व्यवस्थेने टपाल वाहणारी ती ‘टपाल-बोट’, अशी व्याख्या केली, आणि उरलेल्या जहाजांवरही जबाबदारी टाकली: बंदर सोडणाऱ्या अशा जहाजाच्या कप्तानाने टपाल खात्याने दिलेली पिशवी स्वीकारून पावती द्यावी आणि मुक्कामी ती विनाविलंब पोहोचवावी. या वहनाबद्दल मोबदल्याची तरतूद होती, कसूर झाल्यास दंडाची.

हा कायदा 2023 च्या टपाल कायद्याने रद्द झाला. करार आणि कायदा यांतला फिलिमोर यांनी दाखवलेला भेद मात्र भारतीय न्यायालये आजही मानतात, आणि आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदे करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 253 ने संसदेला दिलेला आहे.