दर्यात संकट आलं की केरळ-कन्याकुमारीचे मच्छीमार आधी चर्चकडे का धावतात?

डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गातल्या देवगड बंदरात अचानक दक्षिणेकडच्या बोटींची गर्दी झाली. ओखी चक्रीवादळातून वाट काढत ६८ बोटी आणि त्यांवरचे ९५२ मच्छीमार कोकण किनाऱ्याला लागले होते. त्यातल्या ६६ बोटी केरळच्या आणि दोन तमिळनाडूच्या. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ट्विट करून हे सगळे सुखरूप असल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात ही बातमी दोन दिवस चालली आणि विसरली गेली.

पण तिरुवनंतपुरमचं पून्थुरा, विळिंजम आणि कन्याकुमारी जिल्ह्यातलं तूत्तूर या गावांत तेव्हा वेगळंच चित्र होतं. कोण परतलं, कोण नाही, हे विचारायला लोक चर्चच्या आवारात जमत होते. बेपत्ता माणसांच्या याद्या धर्मग्रामाचे फादर करत होते. सरकारी आकडा आणि चर्चचा आकडा यांचा मेळ बसत नव्हता. तो पुढे बरेच दिवस बसला नाही.

हे सगळं चर्चमध्येच का होत होतं? मत्स्यखात्याचं कार्यालय असतं, पोलीस ठाणं असतं, कलेक्टर असतात. तरी माणसं चर्चकडेच का गेली? निव्वळ श्रद्धा म्हणून सोडून दिलं तर या किनाऱ्याची निम्मी गोष्ट सांगायची राहून जाते.

पाचशे वर्षांपूर्वीचा करार

तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर मोती काढणारा परवर समाज १५३० च्या दशकात ख्रिस्ती झाला. त्यामागे धर्म होता तसा हिशोबही होता. मोत्यांच्या धंद्यावरून समुद्रात संघर्ष चालू होता आणि परवरांना पोर्तुगीज आरमाराचं संरक्षण हवं होतं. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला आणि तिथून या किनाऱ्यावर गेला. १५४४ मध्ये त्याने त्रावणकोर किनाऱ्यावरच्या मुक्कुवर मच्छीमारांना बाप्तिस्मा दिला. एका महिन्यात दहा हजारांहून जास्त लोकांना, असं त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत ज्याच्या दर्शनाला गर्दी होते, तोच हा झेवियर.

म्हणजे समुद्रातली सुरक्षितता आणि धर्म या दोन गोष्टी इथे पहिल्यापासून एकत्र आल्या. पुढे राजे बदलले, इंग्रज आले आणि गेले, पण वाळूवरच्या या वस्त्यांमध्ये कायम टिकलेली संस्था एकच होती, चर्च. शाळा तिची, तंटा सोडवणारी तीच, सरकारला अर्ज लिहून देणारीही तीच. हे फुकट मात्र नव्हतं. अनेक गावांत पकडलेल्या मासळीतला ठरावीक हिस्सा चर्चला जायचा आणि तो गोळा करण्याच्या हक्काचा लिलाव व्हायचा. त्याला 'कुत्तगै' म्हणत. मच्छीमारांनी याविरुद्ध तक्रारी केल्या, भांडणंही केली. त्यामुळे भोळे मच्छीमार आणि दयाळू चर्च असं गोड चित्र रंगवणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नये.

तूत्तूरचे लोक किती लांब जातात?

तूत्तूर आणि आसपासची आठ गावं खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी देशभर ओळखली जातात. शार्क म्हणजे आपली मुशी, आणि टुना हे त्यांचे खास मासे. बोटी बहुतेक कोचीहून सुटतात आणि महिना-महिना परतत नाहीत. बर्फ, डिझेल, पाणी, तांदूळ सगळं भरून घ्यायचं आणि लक्षद्वीपच्याही पलीकडे जायचं. इथल्या बोटी हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सियापर्यंत पोचल्यात आणि तिथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्या पकडल्यातही.

मोबाइलची रेंज किनारा सोडल्यावर थोड्याच वेळात जाते. वायरलेस सेटवर आजूबाजूच्या बोटींशी बोलता येतं, घराशी नाही. अशा ठिकाणी केबिनमध्ये वेलंकनी माउलीची तसबीर, गळ्यात जपमाळ आणि बोटीला संताचं नाव हे जवळपास ठरलेलंच. फेब्रुवारी २०१२ मध्ये 'एनरिका लेक्सी' या इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांनी गोळीबार करून दोन मच्छीमारांना मारलं, ते प्रकरण आठवत असेल. त्या बोटीचं नाव होतं 'सेंट अँटनी'. भारत आणि इटली यांच्यातला हा वाद आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला. शेवटी २०२१ मध्ये दहा कोटींची भरपाई जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने खटला बंद केला.

बायबलच्या गोष्टीही या लोकांना परक्या वाटत नाहीत. येशूच्या बारा शिष्यांपैकी पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान हे चौघे मच्छीमारच होते. वादळाच्या प्रसंगात तर येशू होडीत झोपलेला असतो आणि घाबरलेले शिष्य त्याला उठवून चक्क जाब विचारतात. या किनाऱ्यावरची प्रार्थना अनेकदा अशीच असते. तिच्यात शरणागती असते तशी तक्रारही असते.

रविवारी जाळं टाकायचं नाही, ही चाल दक्षिण केरळच्या ख्रिस्ती गावांत जुनी आहे. रोजच्या रोज परतणाऱ्या लहान होड्यांना ती परवडते. महिनाभर दर्यात असलेल्या बोटीवर रविवार कसला?

आपल्याकडेही याचे नातलग सापडतात. भाईंदरजवळच्या उत्तनमध्ये कोळ्यांचं चर्चच 'अवर लेडी ऑफ द सी' म्हणजे समुद्रमातेच्या नावाचं आहे. गोव्यात २९ जूनला संत पेत्राच्या सणाला होड्या एकत्र बांधून 'सांगोड' निघतो. विळिंजमच्या चर्चचं नाव तर 'सिंधु यात्रा माता'.

दलालाच्या हातून लिलाव कसा सुटला?

मच्छीमाराची सगळ्यात मोठी अडचण अनेकदा वादळ नसतंच. ती असते कर्ज. बोटीसाठी, इंजिनासाठी, जाळ्यासाठी दलाल उचल देतो आणि बदल्यात मासळी त्यालाच विकावी लागते. भाव तो सांगेल तो. चांगली मासळी मिळाली तरी हातात फारसं काही उरत नाही.

तिरुवनंतपुरमच्या उत्तरेला मरियनाड नावाचं गाव आहे. लॅटिन कॅथलिक धर्मप्रांताने १९६० च्या दशकात मच्छीमारांसाठी वसवलेलं. इथे मच्छीमारांनी सहकारी संस्था काढली आणि किनाऱ्यावरचा लिलाव दलालाकडून आपल्या हातात घेतला. याच प्रयोगातून पुढे १९८० मध्ये 'सिफ्स' म्हणजे साउथ इंडियन फेडरेशन ऑफ फिशरमेन सोसायटीज हा महासंघ उभा राहिला. विक्री, कर्ज आणि बचत एकाच संस्थेतून, हे त्याचं सूत्र. ऐकायला साधं वाटतं, पण दर्यावर्दी घरात बचत टिकणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे वसईच्या किंवा वर्सोव्याच्या कोळणीला विचारा.

दुसरी लढाई ट्रॉलरशी होती. १९५३ मध्ये कोल्लमजवळ इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला आणि केरळात यांत्रिक मासेमारी आली. कोळंबीला परदेशात भाव मिळू लागला, ट्रॉलर वाढले आणि लहान होडीवाल्यांची जाळी रिकामी येऊ लागली. १९८० च्या दशकात थॉमस कोचेरी हे रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरू आणि त्यांच्यासोबत काही धर्मभगिनी थेट उपोषणाला बसल्या. मागणी होती पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद ठेवण्याची. १९८८ पासून केरळात ही बंदी नेमाने लागू होऊ लागली. आता ती ५२ दिवसांची असते.

कोचेरी पुढे नॅशनल फिशवर्कर्स फोरमचे नेते म्हणून देशभर ओळखले गेले. या संघटनेची सुरुवात १९७८ मध्ये झाली तेव्हा तिच्या नेतृत्वात गोव्याच्या रापणकरांचे नेते माथानी साल्ढाणा होते. १९९० च्या दशकात परदेशी ट्रॉलरना परवाने देण्याविरुद्ध या संघटनेने देशव्यापी संप केले. त्यातून मुरारी समिती नेमली गेली आणि तिने हे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. चर्चमधल्या सगळ्याच वरिष्ठांना हे रुचलं होतं असं नाही. फादरने मिस्सा करावी, संप कशाला, असं म्हणणारे तेव्हाही होते.

ओखीनंतर काय झालं?

३० नोव्हेंबर २०१७ च्या सकाळी ओखीचं चक्रीवादळात रूपांतर झालं. लहान होड्या आदल्या दिवशीच निघून गेल्या होत्या आणि मोठ्या बोटी तर कित्येक दिवस समुद्रातच होत्या. इशारा कधी दिला, कोणाला दिला, यावर राज्य आणि केंद्र भांडत राहिले. इशारा वेळेत दिला असता तरी तो दूरच्या बोटींपर्यंत पोचवायचं साधनच नव्हतं.

केरळ आणि तमिळनाडूत मिळून दोनशेहून जास्त मच्छीमार मेले किंवा बेपत्ता झाले. नौदल आणि तटरक्षक दल शोध घेत होते, पण पुरेसे लांब जात नाहीत असा गावकऱ्यांचा आरोप होता. काही मच्छीमार स्वतःच होड्या घेऊन आपल्या माणसांना शोधायला निघाले. ७ डिसेंबरला कन्याकुमारी जिल्ह्यातल्या कुळितुरै रेल्वे स्थानकात हजारो लोकांनी रूळ अडवले. त्यात फादरही होते.

मग आला सगळ्यात अवघड प्रश्न. मृतदेहच नाही, मग मृत्यू झाला असं म्हणायचं कधी? भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ नुसार सात वर्षं कोणाला खबर लागली नाही तर माणूस मृत मानला जायचा. म्हणजे बायकोने सात वर्षं थांबायचं. मृत्यूचा दाखला नाही, भरपाई नाही, आणि डोक्यावर बोटीचं कर्ज. या घरांसाठी चर्चने, मच्छीमार संघटनांनी रेटा लावला आणि दोन्ही राज्यांनी नियम शिथिल करून बेपत्ता मच्छीमारांच्या कुटुंबांनाही २० लाखांची मदत दिली.

कॅथलिक पद्धतीत मृतात्म्यासाठी मिस्सा करायला मृतदेह लागत नाही. ऐकायला हा धर्मविधीतला बारकावा वाटेल. पण 'तो परत येईल' आणि 'तो गेला' यांच्यामध्ये अडकलेल्या घराला कायद्याआधी इथे वाट मिळाली. काहींनी ती लगेच स्वीकारली. काही घरं मात्र नवस बोलत वाट पाहत राहिली. श्रद्धा दोन्हीकडे होती.

'देवाची मर्जी' या शब्दांचा धोकाही इथेच आहे. वादळाला देवाची मर्जी म्हणता येईल, बोटीवर संपर्काचं साधन नसण्याला नाही. त्या गावांनी ते तसं म्हटलंही नाही.

वर्षभरातच, ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला. चर्च आणि संघटनांकडून निरोप फिरले आणि याच किनाऱ्यावरच्या होड्या ट्रकवर चढवून पुराच्या गावांत नेल्या गेल्या. केरळभरातून सुमारे साडेचार हजार मच्छीमार ६६९ बोटी घेऊन उतरले. त्यांत मुस्लिम आणि हिंदू मच्छीमारही होते. त्यांनी सुमारे ६५ हजार लोकांना वाचवलं. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी त्यांना केरळचं स्वतःचं सैन्य म्हटलं.

चार वर्षांनी याच 'सैन्या'तले लोक सरकारच्या समोर उभे होते. विळिंजमच्या अदानी बंदरामुळे किनारा खचतोय, घरं समुद्रात जातायत, असं म्हणत २०२२ मध्ये लॅटिन आर्चडायोसिसने तब्बल चार महिने आंदोलन केलं. नोव्हेंबरमध्ये पोलीस ठाण्यावर हल्ला झाला, आर्चबिशपांवरही गुन्हा दाखल झाला आणि डिसेंबरात सरकारशी चर्चेनंतर आंदोलन मागे घेतलं गेलं. बंदर थांबलं नाही. चर्चने लोकांना वाऱ्यावर सोडलं, असं म्हणणारे गावातच आहेत.

आता बोटीवर काय असतं?

२०१९ मध्ये हवामानाचा इशारा उपग्रहामार्फत बोटीवर पोचवणारं 'जेमिनी' हे उपकरण आलं. पण ते एकतर्फी होतं. इशारा मिळतो, मदत मागता येत नाही. दोन्ही बाजूंनी संदेश पाठवता येणाऱ्या एक लाख ट्रान्सपाँडरची योजना ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. तिचा शुभारंभ पंतप्रधान मोदींनी केला तो पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या भूमिपूजनाच्याच कार्यक्रमात. वाढवणला विरोध करणाऱ्या मच्छीमारांची तक्रारही विळिंजमपेक्षा फार वेगळी नाही.