परक्या कोठीतील ठेव आणि तिची जोखीम : सोलापूरच्या अंगाने एक विचार

मराठीत 'जोखीम' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. एक अर्थ धोक्याचा. दुसरा त्या धोक्याच्या तोंडी असलेल्या वस्तूचा. प्रवासास निघालेल्या लेकीला आई 'अंगावर जोखीम आहे, जपून जा' असे सांगते तेव्हा तिच्या मनात दागिने असतात; आणि व्यापारी 'ह्या सौद्यात जोखीम आहे' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बुडण्याची भीती असते. मौल्यवान वस्तू आणि तिच्या नाशाची शक्यता ह्या दोहोंना भाषेने एकाच नावाने हाक मारली, ही गोष्ट नुसती शब्दमौजेची नाही. वस्तू एकाच्या मालकीची, जागा दुसऱ्याची, आणि नाश झाला तर तोटा कोणाचा, हा प्रश्न ह्या शब्दाच्या पोटात आहे. त्याचा इतिहास पाहू गेल्यास मिताक्षरेपासून रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत आणि तेथून आजच्या भाड्याच्या कोठ्यांपर्यंत एक सलग धागा सापडतो.

हा प्रश्न आज पुन्हा उभा राहण्याचे कारण साधे आहे. सोलापूरसारख्या शहरातून मुलेबाळे पुण्या-मुंबईस किंवा परदेशी जातात. जुना वाडा पाडून त्या जागी इमारत उभी राहते. तोवर ट्रंका, पितळेची भांडी, शिवणयंत्र, पुस्तकांची खोकी आणि क्वचित बंद पडलेल्या मागाचे सुटे भागही कोठेतरी ठेवावे लागतात. पूर्वी हे सामान नातलगाच्या माळ्यावर जाई. आता मोठ्या शहरांतून महिन्याच्या भाड्याने लहान कोठी मिळते. कुलूप ठेवणाऱ्याचे, किल्लीही त्याचीच. भाडे भरले की सामान सुरक्षित झाले, अशी समजूत असते. ह्या समजुतीला आपल्या परंपरेत किंवा चालू कायद्यात कितपत आधार आहे, ते पाहणे अवश्य आहे.

प्रथम परंपरा. सोलापूरच्या पूर्वेस, आज कर्नाटकातील बिदर जिल्ह्यात असलेल्या कल्याणी येथे, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (1076–1126) ह्याच्या राजवटीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका रचली. वारसाहक्काच्या संदर्भात हिचे नाव सर्वांस ठाऊक असते; ठेवीच्या प्रकरणाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. त्या प्रकरणात ठेवीचे दोन प्रकार वेगळे केलेले आहेत. जी वस्तू दाखवून, मोजून स्वाधीन केली ती 'निक्षेप'. जी पेटीत किंवा पिशवीत बंद करून, मुद्रा लावून, आत काय आहे हे न सांगता दिली ती 'उपनिधी'. हा भेद वाचताना आजची कुलूपबंद कोठी डोळ्यांसमोर येते. कोठीवाल्यास आत काय आहे ते ठाऊक नसते, आणि बहुधा ठाऊक करून घ्यावयाचेही नसते. शास्त्रकारांच्या भाषेत बोलावयाचे तर ही शुद्ध उपनिधी होय.

ठेव नष्ट झाल्यास काय? राजाने नेली, दैवाने म्हणजे पाणी इत्यादिकांनी नासली, अथवा चोरांनी पळविली, तर ठेव राखणाऱ्याने ती भरून द्यावयाची नाही, असा निर्णय आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही चोर, पाणी आणि अग्नी ह्यांच्याबाबत तोच आहे. अपवाद दोन महत्त्वाचे. राखणाऱ्याने कपट केले असेल तर त्याची सुटका नाही. आणि मालकाने मागूनही ठेव परत दिली नाही व त्यानंतर ती नष्ट झाली, तर तिचे मोल व तितकाच दंड त्याच्यावर पडतो. एकूण दृष्टी अशी की, राखणाऱ्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा आहे. संकट झेलण्याची नाही.

राजा आणि दैव ही जोडी पुढे मराठी व्यवहारात वेगळ्या पेहरावाने वावरू लागली. जमीनमहसुलाच्या कागदांतून 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द भेटतो तो ह्याच अर्थाने. आभाळातून आलेले ते अस्मानी, सत्तेकडून आलेले ते सुलतानी. शब्द अरबी-फारसीतून आले; वर्गीकरण मात्र येथे आधीच होते. एका भाषेतील विचार दुसऱ्या भाषेच्या शब्दांत असा निमूटपणे वस्तीस जावा, ह्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

सुलतानीचे एक प्रसिद्ध उदाहरण राजापूरचे आहे. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरास साह्य केले, त्याचा जाब म्हणून शिवाजी महाराजांनी 1661 साली राजापूरची इंग्रजांची वखार लुटविली व तेथील इंग्रजांस कैद केले. नुकसानभरपाईसाठी कंपनीच्या लोकांनी वर्षानुवर्षे खटपट केली; अखेरीस राज्याभिषेकाच्या वर्षी, 1674 च्या तहात, त्यापोटी दहा हजार होन देण्याचे ठरले. वखारीतील मालाचा तोटा येथे न्यायसभेपुढे न जाता दोन सत्तांमधील वाटाघाटींच्या पटावर गेला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याच्या पाठीशी कंपनी नव्हती अशा साध्या व्यापाऱ्याला तो पट कोठला?

येथे 'वखार' ह्या शब्दाविषयी थोडेसे. प्राकृतातील 'वक्खार' म्हणजे माल साठविण्याची जागा. त्याचाच हा मराठी अवतार. सतराव्या शतकात तो परदेशी कंपन्यांच्या ठाण्यांस लागला, पुढे बाजारात आकसून लाकडांच्या साठ्यापुरता उरला, आणि 1957 साली सरकारी वखार महामंडळ स्थापन झाले तेव्हा पुन्हा जुन्या विस्तृत अर्थाने राजमान्य झाला.

तेव्हा राखणारा जोखीम घेत नाही. मग ती घेणारा कोणीच नव्हता काय? होता. त्याचे नाव हुंडेकरी. दख्खनच्या पठारावर हे आज आडनाव म्हणून उरले आहे, परंतु एके काळी तो एक पेशा होता. माल एका पेठेतून दुसऱ्या पेठेस पोहोचविण्याचे काम हुंडेकरी अंगावर घेई. बैलांचे भाडे, वाटेवरच्या चौक्यांची जकात, इतर खर्च हे सारे एका ठोक रकमेत धरलेले असे. तिला 'हुंडाभाडे' म्हणत. वाटेत किती जकात पडेल ह्याची चिंता मालकाने करावयाची नाही. ती अनिश्चितता हुंडेकऱ्याने विकत घेतलेली असे. ह्याच कुळातील दुसरी वस्तू 'जोखमी हुंडी'. सामान्य हुंडीचे पैसे मुदत भरताच द्यावे लागत. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच. गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. येथे कर्ज आणि विमा एकाच कागदावर नांदताना दिसतात.

आणि 'विमा' हा शब्द? तो 'बीमा' ह्या रूपातून मराठीत आला आणि त्याचा संबंध बहुधा फारसी 'बीम' म्हणजे भय ह्याच्याशी जोडला जातो. इराणच्या फारसीत तो ह्या अर्थाने हिंदुस्थानाकडूनच गेला, असेही एक मत आहे. व्युत्पत्तीचा निकाल काहीही लागो, मोल देऊन भय दुसऱ्याच्या हवाली करण्याचा व्यवहार येथील पेढ्यांना इंग्रजी कंपन्यांच्या आधीपासून परिचित होता, हे निश्चित.

1860 साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापूरला पोहोचली. रेल्वे ज्या पेठांत गेली तेथून हुंडेकऱ्याचा लांब पल्ल्याचा व्यवसाय ओसरू लागला. 1877 साली शहरात पहिली कापडगिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी मिल, निघाली. कापूस, सूत आणि कापड आता आगगाडीने जाऊ लागले. रेल्वे माल नेई, परंतु हुंडेकऱ्यासारखे सगळे अंगावर घेत नसे. 1890 च्या रेल्वे कायद्याने तिची जबाबदारी ठेव राखणाऱ्याइतकीच ठरविली. शिवाय दरपत्रकात दोन दर असत : एक रेल्वेच्या जोखमीचा, दुसरा, कमी, मालकाच्या जोखमीचा. 'ओनर्स रिस्क' हे शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडी मराठीइतके रुळले ते ह्यामुळे. ह्या दोन दरांतील अंतर म्हणजे जोखमीची उघड किंमत होती, आणि ती वाचविण्याचा मोह अनेकांना होई. माल नेणाऱ्याची पूर्ण जबाबदारी रेल्वेवर आली ती 1961 च्या दुरुस्तीने, 1962 च्या आरंभापासून.

वाहतुकीचे हे असे झाले. साठवणुकीची सामान्य भिस्त मात्र 1872 च्या भारतीय करार अधिनियमावर आहे. त्याचे 151 वे कलम सांगते की, सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःच्या तशाच मालाची जितकी काळजी घेईल तितकी राखणाऱ्याने घ्यावी; 152 वे सांगते की, तेवढी घेतली असल्यास, वेगळा करार नसेल तर, तो नुकसानीस जबाबदार नाही. 161 व्या कलमानुसार योग्य वेळी वस्तू परत न दिल्यास पुढील सर्व नुकसान त्याच्या माथी येते. याज्ञवल्क्याचा अपवाद आणि हे कलम शेजारी ठेवून पाहावेत. विद्यार्थ्यांनी त्यांतून उसनवारीचे अनुमान काढू नये. इंग्रजी कायद्याची वाट रोमन व्यवहारशास्त्राकडे जाते. भिन्न समाजांना एकाच अडचणीतून एकच उत्तर सुचले, एवढेच म्हणता येते.

भाड्याच्या कोठीबाबत अडचण आणखी एक पायरी पुढे जाते. किल्ली ठेवणाऱ्याकडेच असल्याने 'आम्ही माल राखीतच नाही, केवळ जागा वापरावयास देतो' असे कोठीवाला म्हणू शकतो, आणि करारात बहुधा तसेच लिहिलेले असते. मग 151 वे कलमही हातचे निसटण्याचा संभव. वखार महामंडळाच्या वखारीत माल मोजून घेतात, पावती देतात आणि आग, चोरी, पूर ह्यांविरुद्ध साठ्याचा विमा उतरवितात. ती निक्षेपाची रीत झाली. कोठीत उपनिधीची रीत आहे. ठेवणाऱ्याने स्वतः विमा उतरविला नसेल तर जोखीम जेथल्या तेथे, म्हणजे त्याच्याच पदरी, राहते.

ह्या विम्याचा विचार घरगुती मराठी मनात सहसा येत नाही, ह्याला भाषिक कारणही आहे. 1913 साली साताऱ्यास वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी निघाली. 1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. गावोगाव विमा एजंट पोहोचला तो आयुष्याचा विमा घेऊन. परिणामी 'विमा' म्हटले की माणसाचा, असा अर्थ रूढ झाला. मालाचा विमा, म्हणजे त्या शब्दाचा मूळ विषय, गिरणीमालक आणि व्यापारी ह्यांच्यापुरता राहिला.

मालाचा विमा उतरविला तरी शब्दांची तपासणी चुकत नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे दारूगोळा व कापूस वाहणारे जहाज पेटून फुटले आणि गोद्या, वखारी, शेजारची वस्ती बेचिराख झाली. युद्धकाळातील असा स्फोट सामान्य आगीच्या विम्यात बसतो काय, हा पेच पडला आणि त्याच वर्षी सरकारला भरपाईसाठी स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला.

आजच्या प्रमाणित आग-विमापत्रातही हे जुने वर्ग ओळखू येतात. आग, वीज, वादळ, पूर ह्या अस्मानी बाबी त्यात येतात. सुलतानीपैकी दंगल येते. युद्ध वगळलेले असते, आणि सरकारी आदेशाने झालेली जप्ती वा ताबाही वगळलेला असतो. राजाने नेले ते आजही गेलेच. घरफोडीसाठी बहुधा वेगळे विमापत्र घ्यावे लागते आणि त्यात बळजबरीने प्रवेश झाल्याची खूण मागतात.

ह्यापेक्षा महत्त्वाची अट पत्त्याची. विमापत्र वस्तूला तिच्या जागेसह बांधते. नमूद जागेवरून दुसऱ्या इमारतीत हलविलेल्या मालाचे संरक्षण सुटते. 1 एप्रिल 2021 पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' हे प्रमाणित विमापत्र ठेवणे बंधनकारक झाले. परंतु तेही घराचे आणि घरातील सामानाचे आहे, गावाच्या दुसऱ्या टोकास भाड्याने घेतलेल्या कोठीला ते आपोआप लागू होत नाही. कोठीचा पत्ता, सामानाची याद आणि प्रत्येकाचे मोल विमापत्रात यावे लागते. मोल कमी लावल्यास जुन्या पठडीच्या विमापत्रात भरपाईही त्या प्रमाणात घटते : दहा लाखांच्या सामानाचा पाच लाखांचा विमा असेल आणि दोन लाखांचे जळाले, तर एक लाख हाती येतो. म्हणजे विमा घ्यावयाचा तर उपनिधीचा निक्षेप करावा लागतो. जे पेटीत झाकून ठेवले ते निदान विमा कंपनीपुरते उघडे करून, मोजून सांगावे लागते.

विद्यापीठीय वाचकांनी एक बाब विशेष पाहावी. वेगळा उल्लेख नसेल तर हस्तलिखिते, आराखडे आणि कोणत्याही प्रकारचे दस्तऐवज ह्या विमापत्रांतून वगळलेले असतात. सोलापूरच्या जुन्या घरांतील पोथ्या, मोडी कागद, पेढ्यांच्या चोपड्या आणि संशोधकांची टिपणे खोक्यांत भरून कोठीत जातात तेव्हा त्यांच्याच पाठीशी विमा नसतो; शेजारच्या पितळी घंगाळामागे मात्र असू शकतो.

बँकेच्या लॉकरची कथा ह्याच कुळातली. तेथेही बँकेस आतील वस्तू ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये बँकांना हात झटकता येणार नाहीत असे बजाविले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनी, 1 जानेवारी 2022 पासून, आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी ह्यांमुळे झालेल्या हानीबद्दल वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत जबाबदारी बँकेवर टाकली. चोर आणि अग्नी ह्यांना मनूने दिलेली सूट येथे, मर्यादेसह का होईना, काढून घेतली गेली. भूकंप, पूर, वीज ह्यांबाबत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, ती कायम आहे. खाजगी कोठ्यांना हा नियम लागू नाही; तेथे करारात जे लिहिले असेल तेच.